भरतीची वेळ, उन्हाची दिशा आणि कॅमेरा : किनाऱ्यावर पहिला लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पहिला लघुपट करायचा ठरला की चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू होते. कुठला घ्यावा, लेन्स कुठली, मोबाईल चालेल का. कोकणात काम करणाऱ्याने त्याआधी कालनिर्णय उघडावं. सकाळी सात वाजता रुंद ओल्या वाळूवर सुरू केलेला प्रसंग साडेनऊला निम्मा झालेला असतो आणि तोवर ती वाळू पाण्याखाली गेलेली असते. उरलेला प्रसंग मग सुक्या वाळूत, डोक्यावरच्या उन्हात उरकला जातो आणि संकलनाला बसल्यावर दोन तुकडे एकमेकांना जोडत नाहीत. हा दोष कॅमेऱ्याचा नसतो, आखणीचा असतो. पण आखणी करायला कॅमेरा कुठल्या उजेडात काय करतो हे हाताला माहीत असावं लागतं, म्हणून इथे दोन्ही एकत्रच घेतलं आहे. साधारण सहा आठवडे धरा. साहित्य म्हणून कुठलाही कॅमेरा किंवा हाताने सेटिंग करू देणारं ॲप असलेला मोबाईल, एक तिपाई, कानाला हेडफोन आणि एक वही.

पहिला आठवडा : कॅमेऱ्याला स्वतःहून काही ठरवू द्यायचं नाही

ऑटो मोडमध्ये शिकता येत नाही, कारण चूक कोणाची हेच कळत नाही. चार गोष्टी आपल्या हातात घ्या.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा किती भाग उजेड मिळतो, १/५० ठेवा. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट असलं की हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. दुसरं कारण आपल्याकडच्या विजेचं. ती सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि ट्यूब, बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० शटरला हे दिसत नाही. १/६० केलंत की चित्रात पट्टे सरकायला लागतात, आणि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर ते जागेवर लक्षात येत नाहीत.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते, आकडा टाकून पक्का करा : दिवसा बाहेर ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बखाली ३२०० च्या आसपास. ऑटोवर ठेवलं तर निळा समुद्र चौकटीत आला की चेहरा पिवळा पडतो आणि समुद्र बाजूला गेला की पुन्हा थंड होतो, एकाच शॉटमध्ये. हे संकलनात सुधारणं फार जिकिरीचं जातं. फोकसही लॉक करा, नाहीतर लाट फुटली की कॅमेरा माणसाला सोडून लाटेच्या मागे धावतो.

राहिला उजेड. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० असेल तर योग्य ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) साधारण एफ २२ येतं. तिथे चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. एफ ५.६ वर यायचं तर २२, १६, ११, ८, ५.६ असे चार स्टॉप उजेड अडवावा लागतो. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे एकूण सोळावा हिस्सा. त्यासाठी एनडी १६ फिल्टर लागतो. एफ २.८ हवं तर एनडी ६४. मोबाईलचं ॲपर्चर बदलत नाही, ते एफ १.८ च्या आसपास अडकलेलं असतं, त्यामुळे पुळणीवर मोबाईल शटर हजारोंच्या घरात नेतो आणि धावणारं पोर टप्प्याटप्प्याने उडी मारतंय असं दिसतं. मोबाईलवर किनारा चित्रित करायचा असेल तर क्लिपने बसणारा एनडी हा पहिला खर्च. फिरवून कमीजास्त होणारा एनडी सोयीचा असतो, पण शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. टोकाच्या थोडं अलीकडेच थांबा.

चेहरा किती उजळ हवा हे पडद्याकडे बघून ठरवू नका, उन्हात पडदा काळवंडलेलाच दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात काळं किती आणि उजळ किती ते दाखवणारा आलेख, बघा. कॅमेऱ्यात झेब्रा (ठरवलेल्या उजळपणाच्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) असेल तर गोऱ्या चेहऱ्याला ७० च्या आसपास धरतात. सावळ्या, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याला तोच आकडा लावला तर कातडीचा रंग धुऊन निघतो. तिथे ५० ते ६० बरोबर. दर्यावर जाणाऱ्या माणसाचा चेहरा गोरा करून दाखवणं ही तांत्रिक चूक आहेच, शिवाय त्या माणसावर अन्याय आहे.

दुसरा आठवडा : नारळ खवण्याचे पाच शॉट

बाहेर जाण्याआधी घरात एक काम चित्रित करा. नारळ खवणं सगळ्यात चांगलं. त्याला सुरुवात, मध्य, शेवट आहे, हाताची लय आहे आणि आई किंवा आजी विळीवर, मालवणीत आडाळ्यावर, तीनचार मिनिटं तुमच्याकडे न बघता बसू शकते.

पाच शॉट घ्यायचे. फक्त हात आणि नारळाची कवड. फक्त चेहरा. हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा मध्यम शॉट. खांद्यामागून, ती जे बघते ते. आणि पाचवा रुंद, जागा कळेल असा. प्रत्येक शॉट तिपाईवर, मनातल्या मनात दहा आकडे मोजून. मोजणी मनात हवी आणि कॅमेरा सुरू केल्यावर लगेच सुरू करायची नाही, आधी दोन श्वास जाऊ द्यायचे. नवशिक्याचा शॉट जवळपास नेहमी तीन सेकंदांनी आखूड असतो.

आता हे पाच जोडून बघा. पहिली चूक ताटात सापडेल. चेहऱ्याच्या शॉटमध्ये ताट निम्मं भरलंय, पुढच्या हातांच्या शॉटमध्ये रिकामं, त्यानंतर शीग लागलेली. ज्या क्रमाने शॉट घेतले तो क्रम आणि ज्या क्रमाने ते दिसणार आहेत तो क्रम वेगळा असतो, आणि खवलेलं खोबरं ते लपवत नाही. उपाय दोन. एकतर तीन नारळ आणायचे आणि एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा, तीन जागांवरून घ्यायचं, म्हणजे कुठेही कापलं तरी जोड मिळतो. किंवा प्रत्येक शॉटनंतर मोबाईलवर ताटाचा फोटो काढून ठेवायचा. पहिला उपाय जास्त शिकवतो. हीच शिस्त पुढे भरतीच्या पाण्याला, सावल्यांना आणि कलाकाराच्या ओल्या कपड्यांना लागू होते.

दुसरी चूक उडीची. दोन शॉटमध्ये कॅमेरा पुरेसा हलला नाही तर चित्र अडखळल्यासारखं वाटतं. जागा किमान ३० अंशांनी बदला आणि आकारही बदला : मध्यम वरून सरळ जवळ, अर्धवट नको.

हातातला कॅमेरा याच आठवड्यात शिकून घ्या. कोपरं बरगड्यांना टेकलेली, पाय खांद्याइतके फाकलेले, श्वास सोडताना शॉट. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा असेल तर पाय उजवीकडे, जिथे थांबायचंय तिकडे वळवून उभे राहा आणि कमरेतून डावीकडे पीळ देऊन सुरुवात करा. पीळ सुटत सुटत तुम्ही आरामात शेवटी पोचता. उलटं केलंत तर शेवट थरथरतो, आणि प्रेक्षकाची नजर शेवटावरच असते.

घर हाच स्टुडिओ

जुन्या कोकणी घराची रचना उजेड शिकण्यासाठी फार चांगली आहे. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, थेट ऊन, पडवीत मऊ सावली, माजघरात काळोख. दहा पावलांत पाचसहा स्टॉपचा फरक. एका माणसाला खळ्यातून पडवीत आणि पडवीतून माजघरात चालत न्या आणि कॅमेरा एकाच सेटिंगवर ठेवा. चेहरा कुठे जळतो आणि कुठे बुडतो ते वहीत लिहा. तीन ठिकाणांसाठी तीन सेटिंग कळली की घरातला कुठलाही प्रसंग आखता येतो.

मुलाखतीला पडवीची कड निवडा. माणूस कडेपासून तीनचार फूट आत, तोंड तिरकं खळ्याकडे, पाठीमागे माजघराचं काळोखं दार. उजेड एका बाजूने येतो, मागचं बुडतं, चेहरा उठून दिसतो. दुसरी बाजू फार काळी पडली तर तीन बाय दोन फुटांचा पांढरा थर्माकोल धरा, चौकटीबाहेर पण शक्य तितका जवळ. एक सावधगिरी : खळं उघड्या तांबड्या मातीचं असेल आणि त्यावर ऊन असेल, तर खालून लालसर उजेड हनुवटीखाली चढतो. शेणाने सारवलेलं खळं उजेड गिळतं, तिथे हा त्रास कमी. तांबडं असेल तर चौकटीबाहेरच्या जमिनीवर जुनी पांढरी चादर पसरायची, लाली जाते आणि थर्माकोलचंही काम होतं.

कौलांत एखादं काचेचं कौल असेल तर ते सोडू नका. चुलीचा धूर असताना त्यातून उन्हाचा तिरका खांब खाली उतरतो आणि तासाभरात जमिनीवर सरकतो. तो कुठल्या वेळी चुलीवर, कुठल्या वेळी भिंतीवर हे दोन दिवस बघून लिहून ठेवा. चित्रण करताना मोजमाप उजेडाच्या खांबाचं घ्या, बाकी खोली काळी जाऊ द्या. खोली उजळ करायच्या नादात ट्यूब लावली की तो खांब नाहीसा होतो.

पश्चिमेकडचा समुद्र

आपला समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. त्याचा परिणाम रोजच्या कामावर असा होतो : सकाळी समुद्राकडे तोंड करून कॅमेरा लावला तर ऊन तुमच्या पाठीमागून येतं, पाणी निळं-हिरवं दिसतं, होडीवरचे रंग खुलतात आणि किनाऱ्याकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा स्वच्छ मिळतो. दुपारी तीननंतर तीच चौकट उलटते. पाण्यावर चकाकी, होडी काळी, चेहरा काळा. म्हणून समुद्र पाठीशी असलेले संवाद सकाळी साडेनऊच्या आत, आणि आकृत्या, सावल्या, चकाकतं पाणी हवं असेल ते संध्याकाळी. डोंगराखालच्या गावात सूर्योदयाच्या वेळी ऊन येत नाही, डोंगर ओलांडून यायला त्याला वेळ लागतो. पंचांगातली वेळ धरून कलाकारांना पहाटे उभं करू नका, स्वतः जाऊन घड्याळ लावून बघा.

सूर्यास्त रत्नागिरीच्या आसपास नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जूनअखेर सव्वासातच्या सुमारास होतो. सूर्य किती उरला हे मोजायला हात पुढे ताठ करून बोटं आडवी धरा. सूर्य आणि क्षितिज यांच्यात जितकी बोटं मावतात, तितके साधारण पाव-पाव तास. चार बोटं म्हणजे तास. आपल्याकडे क्षितिज सपाट समुद्राचं असल्यामुळे हे माप चांगलं जुळतं. मात्र पावसाळ्याच्या आगेमागे क्षितिजालगत ढगांची पट्टी असते आणि सूर्य बुडण्याच्या दहापंधरा मिनिटं आधीच तिच्यात शिरतो. तेव्हा एक बोट कमी धरा.

सूर्यास्ताच्या प्रसंगाला चारपेक्षा जास्त शॉट लावू नका. दोन बोटं असताना रुंद, एक बोट असताना मध्यम, सूर्य पाण्याला टेकताना एकच ठरलेला शॉट. जवळचे चेहरे सूर्य बुडाल्यावर. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने संधिप्रकाश लांबत नाही, कामाला येणारा उजेड जेमतेम वीस मिनिटं. त्या वेळात दर पाच मिनिटांनी आयएसओ वाढवावा लागेल, हे ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याला आधी सांगून ठेवा.

भरतीचं गणित

किनाऱ्यावरच्या आखणीचा हा कणा आहे. जुन्या माणसांचं सूत्र सोपं : तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला ६. अमावास्येला आणि पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात आणि भरतीपासून ओहोटीला सहा तासांवर थोडी मिनिटं. रोज वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. दक्षिणेला, मालवण-वेंगुर्ल्याकडे, भरती मुंबईच्या आधी लागते आणि पाण्याची चढउतारही कमी असते. सूत्रावर आराखडा मांडा, पण चित्रणाच्या आठवड्यात जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून मिनिटं पक्की करा आणि गावातल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून खात्री करून घ्या.

या गणितातून चौकटीचा निर्णय निघतो. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला असते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी सगळ्यात लांब जातं. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी रुंद, ओली, आरशासारखी वाळू आणि तिच्यात आख्खं आकाश. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर चढलेलं असतं, वाळूची अरुंद पट्टी उरते, लाट जवळ फुटते. ज्याला एकटा माणूस आणि मोठं आकाश हवं त्याने अमावास्या धरावी. ज्याला दाटी हवी, लाटांचा आवाज हवा, त्याने अष्टमी.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. तिपाई, बॅगा, बॅटऱ्या यांना धोका मधल्या दोन तासांत. खडकावर काम करताना तर परतीची वाट आधी बघा. समोरून पाणी लांब दिसत असतं आणि मागची घळ भरलेली असते. एका माणसाला फक्त पाण्याकडे बघण्याचं काम द्या. त्याला दुसरं काम देऊ नका.

सराव म्हणून एक दिवस एकाच जागी तिपाई ठेवून, वाळूवर खुंटी मारून, तासातासाने दहा सेकंदांचा तोच शॉट घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ थोडी थोडी टिपून सिनेमाच्या तंत्राची ओळख करून दिली होती. त्याच पद्धतीने तुमच्या गावची पुळण तुम्हाला कळते. दिवसाअखेर बारा शॉट जोडले की उजेड आणि पाणी, दोघांचा नकाशा तयार.

विषय : रापणीचं उदाहरण

पहिल्या कामाला एखादी प्रक्रिया निवडा. रापण, हर्णैचा मासळीचा लिलाव, होडीची डागडुजी, काजूची भट्टी, दशावताराच्या रंगपटातली तयारी. प्रक्रियेला स्वतःची गोष्ट असते, पटकथा लिहिताना पाय घसरत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या आणि पडवीत जाळी विणणारे हात हा विषय उत्तम, बंदरावरची धावपळ नव्हे.

रापण घेऊ. होडी समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, दोन गट ते ओढू लागतात आणि ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. शेवटी जाळ्याची खोळ वर येते, मासळी दिसते, मग वाटे.

पहिल्या दिवशी कॅमेरा न घेता जा. रापणीच्या प्रमुखाला भेटा, काय करायचंय ते सांगा, कधी अडचण होईल ते विचारा. दुसऱ्या दिवशी घड्याळ आणि वही. होडी किती वाजता निघाली, पहिला दोर कधी किनाऱ्याला लागला, दोन गट किती मिनिटांत जवळ आले, खोळ दिसल्यापासून वर येईपर्यंत किती वेळ गेला. कॅमेरा तिसऱ्या दिवशी.

त्या नोंदींवरून शॉटची यादी तीन भागांत करा. पहिल्या भागात जे पुन्हा मिळणार नाही : होडी पाण्यात ढकलतानाचा क्षण, खोळ वर येणं, मासळी बघतानाचे चेहरे. दुसऱ्या भागात जे त्या दिवशी पुनःपुन्हा घडतं : दोरावरचे हात, वाळूत रुतणाऱ्या टाचा, कमरेचा झोक. तिसऱ्या भागात जे कुठल्याही दिवशी मिळेल : सुकत घातलेली जाळी, उलटी टोपली, कुत्रा, कावळे. विद्यार्थी तिसऱ्या भागावर कार्ड आणि बॅटरी संपवतात आणि खोळ वर येते तेव्हा बॅटरी बदलत असतात. नियम करा : दोन गटांत पन्नास पावलांचं अंतर उरलं की बॅटरी आणि कार्ड नवं टाकायचं, जुनं निम्मं भरलेलं असलं तरी.

आता दिशा. दोर ओढणारी माणसं समुद्राकडून जमिनीकडे मागे सरकतात. किनाऱ्याच्या समांतर एका बाजूला उभं राहिलात आणि समुद्र चौकटीत डावीकडे असेल, तर ओढ उजवीकडे जाते. दोराच्या पलीकडे जाऊन उभे राहिलात की समुद्र उजवीकडे येतो आणि तीच माणसं उलटी ओढताना दिसतात. जोडलं की एकाच दोराला दोन बाजूंनी झोंबाझोंबी चाललीय असं वाटतं. म्हणून एका गटासाठी समुद्र डावीकडे हे ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुसरा गट स्वतंत्र ठेवायचा तर त्याच्यासाठी समुद्र उजवीकडे ठेवला तरी चालतो, उलट मग दोन्ही गट समोरासमोर असल्यासारखे वाटतात आणि ते एकमेकांकडे सरकतात हे कळतं. बाजू बदलावीच लागली तर मध्ये दोराच्या रेषेवरून, सरळ समोरून घेतलेला एक शॉट टाका.

जाळ्याच्या अर्धवर्तुळात आणि ताणलेल्या दोरापाशी उभं राहू नका. दोर अचानक ढिला पडतो, सरकतो, पायात गुंततो. जवळचा शॉट हवा असेल तर ओढणाऱ्यांच्या रांगेबाहेरून लांब लेन्सने घ्या. आणि खोळ रिकामी आली तर काय, हे आधीच ठरवा. तशा दिवशी कॅमेरा खाली ठेवण्याचा मोह होतो, पण तेव्हाचे चेहरे तुमच्या लघुपटाचा शेवट असू शकतात. ते घ्यायचे की नाही हे मात्र त्या माणसांना विचारून.

परवानगीचं थोडक्यात : बंदरावर मच्छीमार सोसायटी, गावात ग्रामपंचायत, देवळात आणि देवराईत गुरव आणि मानकरी. सिंधुदुर्गासारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यावर तिपाई लावून चित्रण करायचं तर आधी अर्ज. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा. विमानतळाच्या आणि संरक्षण दलांच्या परिसरात लाल क्षेत्रं असतात, तिथे केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

एका दिवसाचा तक्ता

समजा मालवणजवळ, नोव्हेंबरअखेरची पौर्णिमा. पूर्ण भरती अकराच्या आगेमागे, ओहोटी पाचच्या सुमारास, सूर्यास्त सहाला. तक्ता असा बसतो :

५.४५ – किनाऱ्यावर हजर. उजाडायच्या आधीचा निळा उजेड, होडीजवळची हालचाल.
७.०० ते ९.३० – रापण. फक्त पहिल्या दोन भागांतले शॉट.
९.३० ते १०.३० – पेज, बॅटऱ्या चार्जिंगला, पहिलं कार्ड उतरवणं.
११.०० ते ३.०० – पडवीतली मुलाखत, घरातले प्रसंग. बाहेर पाणी वर आणि ऊन डोक्यावर, दोन्ही कारणांनी किनारा निरुपयोगी.
४.३० – पुन्हा पुळणीवर, चौकटी ठरवणं.
५.१५ ते ६.२० – सूर्यास्ताचे चार शॉट.

एका जागी कॅमेरा लावून, उजेड जमवून, तालीम करून शॉट व्हायला विद्यार्थ्यांच्या गटाला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. त्या हिशेबाने अभिनयाच्या प्रसंगात दिवसाला पंधरा ते वीस शॉट होतात. यादी पस्तीसची असेल तर ती दिवस उजाडायच्या आधीच कापा. कशाला कात्री लावायची हे उन्हात, भुकेल्या माणसांसमोर ठरवलं की नेहमी चुकीचा शॉट कापला जातो.

तक्त्यावर एसटीच्या वेळाही लिहा. वस्तीची गाडी पहाटे किती वाजता सुटते आणि संध्याकाळची शेवटची कधी, यावर बाहेरगावचे कलाकार किती वेळ मिळणार ते ठरतं. वीज जाणार हे धरून चाला, पॉवर बँक आणि भरलेल्या बॅटऱ्या आदल्या रात्री.

आवाज

किनाऱ्यावर वारा आणि लाट दोघेही संवाद खातात. माइकला केसाळ आवरण हवंच, स्पंजचं पुरत नाही. दिशा असलेला माइक पाठीमागचा आवाज कमी घेतो, म्हणून जवळच्या शॉटमध्ये माणसाला समुद्राकडे तोंड करून उभं करा आणि माइकची पाठ समुद्राकडे ठेवा. समुद्र मागे दिसायलाच हवा असेल तर माइक डोक्यावरून, दीड फुटावर, तोंड खाली. सगळ्यात सोपं म्हणजे रुंद शॉट पाण्याजवळ घ्यायचा आणि संवादाचे जवळचे शॉट ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला. सुरूच्या बनात जायचा मोह होतो, पण वारा असला की सुरू सतत सूं सूं करतं आणि ते संवादाखालून काढता येत नाही.

४८ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रण, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागी शॉट संपल्यावर सगळ्यांना गप्प करून दोन मिनिटं नुसता आवाज घ्या. दोन शॉटमधल्या लाटा वेगवेगळ्या फुटतात, जोडाच्या ठिकाणी आवाज तुटतो, आणि ही दोन मिनिटंच तो सांधतात. हेडफोनशिवाय ध्वनिमुद्रण सुरू करायचं नाही.

मीठ, वाळू, दमट हवा

लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर ठेवा आणि खारे तुषार कधी कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं कापड आधी, कोरडं नंतर. पुळणीवर लेन्स बदलायची नाही. तिपाईचे सगळ्यात खालचे, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधे वाळूच्या वर राहतात. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, उघडे वाळवा.

एसी खोलीतून दमट हवेत कॅमेरा आणला की काच आतबाहेरून धूसर होते. बंद पिशवीत ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास जाऊ द्या. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कपाटात, कापडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती एकदा काचेत शिरली की घरी निघत नाही.

रात्र आणि पंधरवडा

सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या कार्डात सव्वा तासापेक्षा थोडं जास्त मावतं. कार्डं किती न्यायची ते यावरून ठरवा. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करा आणि दोन्ही प्रतींतल्या काही फायली शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका.

प्रत होत असताना सगळं चित्रण आवाज बंद करून बघा. कॅमेऱ्याच्या चुका आवाज बंद असतानाच दिसतात : कलतं क्षितिज, घाईत कापलेला शेवट, मागे उभा असलेला मित्र. मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. शॉटच्या यादीवर तीन खुणा करा : मिळाला, चालेल, परत हवा.

परत हव्या असलेल्या शॉटसाठी दुसऱ्याच दिवशी धावू नका. त्याच घड्याळाच्या वेळी पाणी तासभर मागेपुढे असेल आणि वाळूची रेषा जुळणार नाही. पौर्णिमेला चित्रण केलं असेल तर पुढची अमावास्या धरा. पंधरवड्याने भरती जवळपास त्याच वेळेवर येते, ऊनही फारसं सरकलेलं नसतं. जुन्या शॉटचे फोटो मोबाईलवर घेऊन त्याच खुंटीपाशी उभे राहा, आणि पाणी फोटोतल्या दगडाला टेकेपर्यंत थांबा.